सहा, आणि चालवणारा

माणसाची सारी संस्कृती म्हणजे शेवटी कोणी कुठे बसायचं याचा ठराव आहे. राज्यं त्यापायी बुडाली, सख्खे भाऊ त्यापायी वैरी झाले, आणि जगात आजवर जेवढे म्हणून रुसवेफुगवे झाले ते सगळे बुडाखालच्या हातभर जागेसाठी झाले. हा विचार इतका मोलाचा होता की तो ऐकायला कोणीतरी जवळ हवं होतं. पण ज्या लिफ्ट तपासनिसाला तो सुचला तो त्या वेळी गाड्यांच्या दालनाबाहेरच्या फरशीवर एकटाच उभा होता, आणि ज्यांना ऐकवायचा ते सगळे त्याला सोडून गाडीत बसून निघून गेले होते.

विसरून गेले होते, असं म्हणायला हवं. सोडून जायला निदान आठवण लागते.

पांढरी गाडी फाटकातून डावीकडे वळली, वळताना तिचा मागचा दिवा मोठ्या अदबीने मिचमिचला, आणि ती रहदारीत शिरून दिसेनाशी झाली. आत त्याचं अख्खं कुटुंब होतं. मुलगी चालवायला, शेजारी आई, मधल्या दोन सुट्या, हात टेकायची सोय असलेल्या खुर्च्यांवर बायको आणि वहिनी, आणि तिसऱ्या रांगेत दादा आणि कानात गाण्याचे बोळे घातलेला मुलगा. गाडी सहा जणांची आणि माणसं सहा. इतका नेमका हिशेब त्याने तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही लिफ्टमध्ये पाहिला नव्हता. एरवी दालनाचा विक्रेता अशा फेरीला बरोबर जातो. काळ्या गाडीच्या वेळी गेलाही होता. पण या खेपेला त्याला कुठल्याशा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि त्याने कानाला फोन लावून नुसत्या भुवयांनीच "तुम्हीच आणा फिरवून" अशी परवानगी दिली. आता तो फोन आटोपून बाहेर आला, आणि तपासनिसाला बघून दचकला.

"सर, तुम्ही नाही गेलात?"

"गेलोय," तपासनीस म्हणाला. "हा मी नाहीये."

विक्रेता हसला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायचं हे त्याला शिकवलेलं होतं, पण हा विनोद आहे की नाही हे ओळखायला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो अर्धंच हसला आणि उरलेलं तोंडात धरून उभा राहिला. "बसा ना सर आत. खुर्ची आहे, थंड हवा आहे."

"मी बसणार नाही," तपासनीस म्हणाला, आणि ते इतक्या जोरात म्हणाला की आत रिबिनीत गुंडाळलेल्या गाडीपुढे फोटोला उभं राहिलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. बसणार नाही. का बसायचं? ज्यांच्यासाठी सात जागांची गाडी शोधत कित्येक रविवार वणवण केली ते लोक सहा जागांत आरामात बसून गेल्यावर, एखाद्या फिरत्या खुर्चीवर बसून त्यांची वाट बघायची? त्यापेक्षा उभं राहून पायात गोळे आले तरी चालतील. रागाला उभं राहणं शोभतं. बसलेला माणूस रागावला तर पोटात कळ आल्यासारखा दिसतो.

खरं भांडण पाच दिवसांपूर्वी जेवणाच्या टेबलावरच झालं होतं, फक्त त्याचा निकाल आज लागला. दोनच गाड्या उरल्या होत्या. काळी आणि पांढरी. दोघींना तीन रांगा, दोघींची लांबी साधारण सारखी, दोघी चौकात वळताना अख्खा चौक मागणाऱ्या. काळीला मधे सलग बाक, त्यामुळे सात माणसं. पण त्या बाकावर मधे बसणाऱ्याच्या कुल्ल्याखाली पट्ट्याची कडी येते आणि पायाखाली उंचवटा, आणि चढताना आईला गडावर चढल्यासारखं चढावं लागतं. पांढरीला मधे दोन सुट्या खुर्च्या, त्यांच्या मधून तिसऱ्या रांगेत जायला वाट, पाय ठेवायला पायरी, वरती काचेचं छप्पर. पण माणसं सहा. काळीची तिसरी रांग उभी केली की मागे सामानाला जागा उरते एका छत्रीची. पांढरीची उभी केली तर छत्री आणि चप्पल. हे सगळं त्याने इमानाने सांगितलं होतं. लिफ्टमध्ये 'आठ माणसं' लिहितात तेव्हा कसली माणसं धरतात, सडपातळ, उपाशी, हातात पिशवी नसलेली, हेही सांगितलं होतं. तेवढ्यात वहिनीने भातवाढणीचा चमचा हवेत धरून प्रत्येकाकडे रोखत मोजलं होतं. "सासूबाई, हे, मी, ही, दोन मुलं. सहा! आपण आहोतच सहा. मग सातवी जागा कशाला, भूत बसवायला?"

"आणि मी?" तो म्हणाला होता.

"तुम्ही चालवणार ना, भावजी!"

आणि टेबलावरचा एकही माणूस हसला नव्हता. तेच तर. हसले असते तर चूक झाली असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली होती, मुलीनेसुद्धा, जिचं गणित चांगलं म्हणून त्याने पदरमोड करून तिला पुढे शिकवलं. जणू चालवणारा हवेत लोंबकळतो. जणू तो गाडीबरोबर येणारा एक भाग आहे, आरसा असतो, हॉर्न असतो, तसा हा. बायकोने तेवढं "अहो, तुम्ही धरून सात होतात" असं म्हटलं खरं, पण भात संपलाय हे सांगावं तशा आवाजात, आणि दादाने लगेच विषय आटोपला होता: "बारक्या, तू उगाच प्रत्येक गोष्टीत खोडा घालतोस. सातवा माणूस येतो कधी?"

बारक्या. चौपन्न वर्षांचा, पोट पुढे आलेला, ज्याच्या सहीशिवाय शहरातली एक लिफ्ट हलत नाही असा माणूस, आणि त्याचं नाव बारक्या. नाव पाळण्यात चिकटलं आणि मग कोणाला सोलायची फुरसत झाली नाही. ऑफिसात 'साहेब' म्हणतात तेव्हा त्याला अजून वाटतं की मागून कोणी साहेब येतोय.

रस्त्यावरून एक कचऱ्याची गाडी गेली. तिच्या मागच्या पायरीवर दोन माणसं उभी होती आणि हसत होती. तपासनिसाला त्यांचाही राग आला. आज त्याच्या रागाला काही धरबंध राहिला नव्हता, धरण फुटल्यावर पाणी शेत बघत नाही की वस्ती. त्याला मुलीचा राग आला, कारण तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली होती. 'बाबा, तुम्ही काळी चालवलीत ना, आता मी.' त्याला मुलाचा राग आला, कारण मुलगा कुठेही असला तरी नसल्यासारखाच असतो आणि तरीही त्याला जागा मिळते. बायकोचा आला, कारण तिने निघताना आरशात स्वतःकडे बघितलं, आरशात मागे कोण नाही ते बघितलं नाही. आईचा आला, आणि मग आईचा आला म्हणून स्वतःचा आला. आणि दादाचा? दादाचा नव्याने यायला जागाच नव्हती. तो होताच, घरातल्या जुन्या कपाटासारखा, भिंतीला टेकलेला, हलवायचा म्हटलं तर फरशी फुटावी असा.

वडिलांची गाडी पिस्त्याच्या रंगाची होती. चार दारांची, छोटी, आणि उन्हात तापली की आत रबराचा आणि वडिलांच्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा. पुढे वडील आणि आई. मागे खिडकीशी दादा, कारण दादाला गाडी लागायची. मग ताई. मग आत्या. आणि आत्याच्या मांडीवर तो. आत्याच्या मांडीला हाडं होती. तिच्या गुडघ्यांच्या वाट्या त्याला आजही आठवतात, दोन दगडांसारख्या, आणि गाडी खड्ड्यातून गेली की आत्याचे दात त्याच्या डोक्यावर आपटायचे. पण ती जागा त्याची होती. तिथून त्याला कोणी उठवलं नव्हतं. मग एका सकाळी, सगळ्यांनी तळ्यावर जायचं होतं आणि डबे भरून झाले होते, तो आत्याच्या मांडीवर बसला आणि त्याचे पाय खाली टेकले. वडिलांनी मागे वळून बघितलं. रागाने नाही. एखादी वस्तू पेटीत बसत नाही हे बघावं तसं. "हा आता मावत नाही," ते म्हणाले. "याला पुढच्या खेपेला नेऊ." दादा खिडकीशी सरकलाही नाही. उलट त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "बारक्या, फाटक लाव रे." आणि त्याने लावलं. गाडी गेली. मागच्या काचेतून तीन डोकी दिसत होती, तिन्ही पुढे बघत होती. पुढची खेप आलीच नाही, कारण ती गाडी विकली.

संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या काकूंकडे मटार सोलत बसला होता. मटार गोड होते, आणि त्याने रागाने त्यातला एकही खाल्ला नाही. आजवरच्या आयुष्यातला तो त्याचा सर्वांत मोठा निषेध होता, आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. काकू म्हणाल्या, गुणाचं पोर आहे, एक दाणा तोंडात टाकला नाही.

पण हेही त्याने गिळलं असतं. मुरवलं असतं. माणूस काय काय मुरवतो. न मुरणारी गोष्ट ही, की त्या दिवशी तो नव्हता हे आता घरात कोणी कबूलच करत नाही. "होतास की!" दादा दरवेळी ठासून सांगतो. "तूच तर घसरून तळ्यात पडला होतास, मी काढलं तुला बाहेर." तळ्यात पडला तो चुलतभाऊ, आणि तोही दुसऱ्याच वर्षी, पण दादाच्या आठवणीत आता बारक्या ओला होऊन उभा आहे, थरथरतोय, आणि दादा त्याला टॉवेलने पुसतोय. आईलाही तसंच आठवतं. परवा बायकोसुद्धा मुलीला सांगत होती, तुझे बाबा लहानपणी बुडणार होते. म्हणजे जिथे तो नव्हता तिथे सगळ्यांनी त्याला नेऊन बसवलंय. आणि जिथे तो आहे, दोन पायांवर, जिवंत, तिथे मोजताना गळतोय. या माणसांना मारायचं की माफ करायचं हे त्याला कळेना, आणि दोन्हीसाठी ती इथे हवी होती.

खिशात फोन होता. त्याने तो बाहेर काढला, बघितला, परत ठेवला. तो स्वतः करणार नव्हता. बघूया ना. वळणावर कळेल, सिग्नलला कळेल, कोणीतरी म्हणेल, अरे, हे कुठे आहेत? त्याने मनात गाडी पुढे नेली. आता पूल आला असेल. आता पेट्रोल पंप. तिथे वहिनीला नक्की तहान लागते, ती म्हणेल, भावजी जरा थांबवा. आणि भावजी नसतील. मग ओरडाआरडा होईल. बायको रडेलसुद्धा. ते दृश्य तो इतकं रंगवत गेला की त्याला तिची दया यायला लागली. तेवढ्यात फोन वाजला, पण विक्रेत्याचा.

"हो मॅडम... नाही मॅडम, डाव्या बाजूला, आरशाच्या वर... हो, तेच गोल बटण... मागे ओढा. उघडलं? छान." त्याने फोन ठेवला आणि आनंदाने सांगितलं, "मॅडमना काचेचं छप्पर उघडायचं होतं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मधल्या सगळ्या थांब्यांवर थांबून जाते, हे तपासनिसाला त्या क्षणी कळलं. गुडघ्यात ती थांबली, पोटात थांबली, घशात बराच वेळ थांबली.

"तिने आणखी काही विचारलं?"

"मायलेज विचारलं, सर."

"माणसाबद्दल काही?"

"कुठल्या माणसाबद्दल?"

"राहू दे. तुमच्याकडे एका माणसाची गाडी आहे का?"

विक्रेत्याने खरोखर विचार केला. "एका माणसाची म्हणजे, सर, दुचाकी. पण तीही दोघांचीच असते. समोरच्या दालनात मिळेल."

तपासनिसाने कपाळाचा घाम पुसला आणि त्याला कपाळावर धूळ लागल्याचं जाणवलं. त्याने तळहात बघितला. उजवा. पंजाच्या गादीवर रस्त्याची बारीक, करडी धूळ होती, आणि ती कुठून आली असेल याचा विचार करता करता तो जागच्या जागी थंड पडला.

लिफ्टची चाचणी घेताना तपासनीस आत चढत नाही. आत लोखंडी वजनं रचतात, तो बाहेरून दोर बघतो, खालचा दट्ट्या बघतो, तळ किती दबला ते वाकून बघतो, मग दार लावतो आणि दारावर उघड्या पंजाने दोन थापा मारतो. सोड. वर बसलेला मिस्त्री त्या दोन थापांवर लिफ्ट सोडतो. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नाही. आज सगळे पांढरीत चढले तेव्हा तोही चढणारच होता, निदान त्याला वाटत होतं की चढणार होता. पण माणसं आत भरलेली दिसली आणि त्याचे पाय आपोआप मागे झाले. त्याने वाकून मागचं चाक बघितलं, गाडी किती दबली ते बघितलं, समाधानाने मागचं दार ओढून लावलं, आणि गाडीच्या धुळकट पाठीवर दोन थापा मारल्या. सोड. पोरगी वडिलांच्या आज्ञेबाहेर नव्हती. तिने सोडली.

म्हणजे यांनी त्याला टाकलं नव्हतं. त्यानेच यांना रवाना केलं होतं.

आता खरं तर राग उतरायला हवा होता. पण रागाची एक मोठी गैरसोय अशी की तो कारणाबरोबर आलेला असला तरी कारणाबरोबर जात नाही. पाहुणा गेला तरी त्याची पथारी पडून राहते. तपासनीस हात पँटीला पुसत येरझाऱ्या घालायला लागला. बरं, मारल्या थापा. मारल्या! म्हणून काय झालं? थाप मारणारा हात बाहेर आहे, तर हाताला जोडलेला माणूसही बाहेर असणार, एवढं सहा डोक्यांत एकालाही सुचू नये? वजनं लोखंडाची असतात, त्यांनी मागे वळून बघावं अशी कोणी अपेक्षा करत नाही. ही तर हाडामासाची माणसं. आणि फाटक? दादाने म्हटलं म्हणून फाटक त्याने लावलं, हे खरं. पण ज्याने लावायला सांगितलं त्याला काहीच नाही? तो स्वतः गेली पंचेचाळीस वर्षं दारं बाहेरूनच लावत आलाय, आणि प्रत्येक वेळी आतल्यांना वाटतं की दार आपोआप लागलं. नाही. आज नाही. आज काळी घ्यायची. मधे सलग बाक, सात जागा, सातवीवर कोणी बसो न बसो. ती रिकामी राहू दे, पण असू दे. नाहीतर काहीच घ्यायचं नाही, जा सगळे बसने. त्याने वाक्यं जुळवायला घेतली. पहिलं वाक्य असं हवं की आईसुद्धा मधे बोलणार नाही.

पांढरी गाडी उजवीकडून आली. छप्पर उघडं होतं, आणि त्यातून वहिनीच्या हसण्याचा आवाज गाडीच्या आधी आत आला. मुलीने ती बरोबर त्याच्यापुढे आणून उभी केली, काच खाली केली आणि डोळे चमकवत म्हणाली, "बाबा, पांढरीच! काय उचलते! लोण्यासारखी."

"भावजी, मी म्हटलं नव्हतं?" वहिनी उतरता उतरता म्हणाली. "सगळे कसे ऐसपैस मावलो. हात पसरले तरी कोणाला लागत नाही."

"सगळे?" तो म्हणाला.

"सगळे म्हणजे सगळे."

"मोजा."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं, कारण वहिनीने खरंच मोजायला घेतलं, या खेपेला चमच्याऐवजी बोटाने. आई, ही, मी, पोरगी, मागे हे आणि पोरगा. "सहा," ती म्हणाली. आणि मग तिचं बोट हवेतच राहिलं, त्याच्या छातीवर रोखलेलं, पण आकडा काही तोंडातून येईना. बायको खुर्चीतून अर्धी उठली होती, ती तशीच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही कुठे बसला होतात?"

"मी बसलो नव्हतो. मी इथे होतो. उभा."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

मुलीने इंजिन बंद केलं. त्या शांततेत आतल्या जोडप्याच्या फोटोचा खटका ऐकू आला. आईने पट्ट्यातून मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग मागच्या रांगेकडे, मग परत त्याच्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर घाबरल्यासारखं काहीतरी आलं.

"अरे, पण मी तुला हाक मारली की," ती म्हणाली. "पुलावर. वारा फार लागतोय का रे मागे, असं विचारलं. कोणीतरी 'नाही' म्हणालं. मग मी तुझ्यासाठी आल्याची गोळी मागे पाठवली."

"ती मी खाल्ली," तिसऱ्या रांगेच्या अंधारातून दादाचा आवाज आला.

बस्स. आता पुरे झालं. तपासनिसाने छाती भरून श्वास घेतला. चौपन्न वर्षांचं सगळं त्या श्वासात आलं, आत्याचे गुडघे आले, न खाल्लेले मटार आले, मागच्या काचेतली तीन डोकी आली. त्याने गाडीच्या उघड्या दारात पाय रोवला, एक हात वर केला, आणि विक्रेत्यासकट सगळे त्याच्याकडे बघताहेत याची खात्री करून घेतली.

"आज मी तुम्हा सगळ्यांना एकदाच सांगणार आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाही अनोळखी वाटला, "आणि मधे कोणी बोलायचं नाही—"

"सांग रे बारक्या, हवं तितकं सांग," आतून दादा म्हणाला, दमलेल्या, बारीक आवाजात. "पण आधी ही पुढची खुर्ची कुठून पडते ती पाड. मघापासून खटपट करतोय, माझा गुडघा अडकलाय."